तंबोरा तुटतोय

वराडकर काका फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. मी फोन उचलला की पलीकडून आधी एकच शब्द यायचा, "ऐक." मग ते फोन आपल्या स्पीकरच्या तोंडाशी नेऊन धरत. मी कुठेतरी शिडीवर, नाहीतर नारळाच्या झाडाला टेकून, हातात पक्कड घेऊन ऐकत उभा. ऐकू काय यायचं? कुणी म्हातारा लांबच्या विहिरीत तोंड घालून आ करतोय, एवढंच. मिनिटभराने काका परत फोनवर येत.

"ऐकलंस? तंबोरा तुटतोय."

"काका, गाणं तर नीट चाललंय."

"गाणं चाललंय रे. तंबोरा तुटतोय. तीन वेळा तुटला. लाइन बघ." की फोन बंद.

फोनवरून तंबोरा ऐकू येत नाही, फोन फक्त माणसाचा आवाज नेतो, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. त्यांनी एकदाही मनावर घेतलं नाही.

मी वसईजवळच्या भुईगावचा. घरोघरी इंटरनेटच्या लाइनी टाकणं हा माझा धंदा, त्याआधी केबल टीव्हीचा होता. वाड्यांमधली घरं आणि रस्त्याकडेच्या नव्या बिल्डिंगी ही माझी गिऱ्हाइकं, आणि त्यांच्या तक्रारी मला पाठ आहेत. मॅचच्या शेवटच्या षटकात पडद्यावर चक्र फिरायला लागलं, सासूची मालिका अडकली, आखातातल्या मुलाचा चेहरा बोलता बोलता थिजला. या तक्रारी समजतात तरी. तंबोऱ्याची तक्रार करणारा माणूस मला जन्मात एकच भेटला आणि त्याने सहा वर्षं माझं डोकं खाल्लं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं आमच्याकडे मानतात, पण त्यांच्यावर मी जितका चिडलो तितका सख्ख्या भावावरही चिडलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो मे महिना होता. आमचा भुईगावचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथल्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. आयुष्यभर मुंबईत एका सरकारी कचेरीत टपाल आवक-जावक सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर वसईत आले. दार काकींनी उघडलं. बाहेरच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. एक आरामखुर्ची, तिच्यासमोर कमरेएवढे उंच दोन लाकडी स्पीकर, आणि कोपऱ्यात खाकी गवसणी घातलेलं, माणसाच्या उंचीचं काहीतरी भिंतीला टेकून उभं. मी घामाने निथळत होतो. पंख्याचं बटण दाबायला हात पुढे केला.

"पंखा बंद राहील," खुर्चीतून आवाज आला.

मी म्हटलं, ठीक आहे, म्हातारे आहेत, वारा सोसत नसेल. विचारलं, "काका, स्पीड किती हवा?"

"स्पीड? मला कुठे जायचंय? अखंड येतं का, ते सांग."

मग कळलं काय ते. शास्त्रीय संगीताचा एक रेडिओ कुणी हौशी मंडळी इंटरनेटवर चालवतात. तो दोन तऱ्हांनी येतो. एक नेहमीचा, हलका, कुठल्याही मोबाइलवर चालणारा. दुसरा पुरा, म्हणजे मूळ टेपवर जे आहे त्यातलं कणभरही न गाळता पाठवलेला. हा दुसरा भरपूर जागा खातो आणि लाइन जरा डळमळली की लगेच तुटतो. काकांना तो दुसराच हवा होता.

"तू धंदा करतोस आणि तुला हे ठाऊक नाही?" ते म्हणाले. "नेहमीच्या गाण्यात मशीन काटकसर करतं. माणसाला ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं, ते गाळून टाकतं. आणि पहिल्यांदा काय गाळतं? तंबोरा. एकसारखं तेच तेच वाजतंय, कोण ऐकतंय, टाका. माझा जन्म गेला त्यात, आणि मशीन म्हणतं टाका!"

त्यांनी मला दोन्ही ऐकवले. मी मन लावून ऐकलं, देवाशपथ. मला तसूभर फरक कळला नाही. म्हटलं, "दोन्ही छान आहेत." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खोलीत चिखलाचे पाय घेऊन आलोय.

"तुका काय कळतला, मेल्या!"

"रागावले की त्यांना मालवणी येते," काकी हळूच म्हणाल्या. "तू मनावर घेऊ नकोस."

तेव्हापासून मी मनावर न घेण्याचा प्रयत्न करत होतो. रेडिओ सुरू असताना त्यांच्याकडे पंखा बंद, खिडकी बंद, आणि फ्रिजचा प्लगसुद्धा काढलेला. फ्रिज गुणगुणतो म्हणे. काकी दुधाचं पातेलं उचलून शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवत, आणि परत येऊन खुर्चीमागे स्टुलावर बसून घडी घातलेल्या वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत. वर्तमानपत्राचाही आवाज व्हायला नको म्हणून हळूहळू. मी एकदा न राहवून विचारलं, "काकी, तुम्हाला उकडत नाही?" त्या म्हणाल्या, "सवय झाली. लग्नानंतर पहिली काही वर्षं उकडायचं."

तक्रारींना वेळकाळ नव्हता. मी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेला असलो की खिशात फोन थरथरायचा. जेवायला बसलो की माझी बायको सेलिन फोन हातात धरून उभी, "तुमचे ते तंबोरेवाले." मी जाऊन तपासायचो, सगळं ठीक. वरच्या कंपनीला फोन लावायचो, तिथली मुलगी गोड आवाजात सांगायची, "सर, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय." ते हिरवं काकांना सांगायला गेलो की ते म्हणत, "हिरवं दिसत असेल. मला बघायचं नाहीये, ऐकायचंय."

मी मनात शंभर वेळा म्हटलं, म्हाताऱ्याला भास होतात. एकदा तर तोंडावर म्हटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "रोज संध्याकाळी सव्वाचारला तुटतो. आठवडाभर लिहून ठेवलंय. सव्वाचारला काय होतं ते शोध." मी हट्टाने शोधलं नाही. मग एका दुपारी पास्कूकाकांच्या वाडीत काही कामाला गेलो होतो. पास्कूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सव्वाचार वाजले, त्यांनी केळींना पाणी सोडायला मोटर चालू केली आणि खोलीतला दिवा क्षणभर मंदावला. त्याच खोलीत भिंतीवर माझा बॉक्स होता. मीच लावलेला, फुकटात वीज मिळते म्हणून. मोटर सुरू झाली की बॉक्स अर्धा सेकंद झोपायचा. बाकी गिऱ्हाइकांच्या फोनात, टीव्हीत चित्र थोडं आधीच साठवलेलं असतं, त्यांना पत्ताच लागायचा नाही. काकांचं यंत्र जुनं, साठवण बेताची. गावभरात अर्धा सेकंद कुणाचा चुकला नव्हता, एका माणसाचा चुकत होता. मी बॉक्सला बॅटरी लावली आणि काकांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. त्या न आलेल्या फोनाचाही मला रागच आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

त्यांची कहाणी मला काकींनी जिन्यात सांगितली. चपला घालायला वाकलो होतो, त्या मागून आल्या आणि दार ओढून घेतलं.

अठरा वर्षं वराडकर काका एका बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसायचे. गाणं शिकायलाच गेले होते, पण बुवा म्हणाले, "वराडकर, तुमच्याकडे गळा नाही, कान आहे. मागे बसा." ते बसले. कचेरी सुटली की बुवांकडे, सुट्ट्या सगळ्या बुवांच्या दौऱ्यांवर. आणि एका मोठ्या मैफलीत, भरल्या सभागृहात, विलंबित चालू असताना बुवा मध्येच थांबले. वळून मागे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "वराडकर, जोड बघा." जोड म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, एकाच सुराच्या, दोन्ही तंतोतंत जुळायला हव्यात. काकांनी घाईघाईने तारांवरचे सूर जुळवायचे मणी सरकवल्यासारखं केलं आणि गाणं पुढे गेलं. त्यानंतर बुवांनी त्यांना परत बोलावलं नाही. कुणी दुसराच मागे बसायला लागला.

"तेव्हापासून ती गवसणी उतरवलेली नाही," काकी म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. मी नुसती पुसते वरून."

काकांचं म्हणणं एकच होतं आणि ते मी पुढे त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. "तार उतरली नव्हती. बुवांचं वय झालं होतं, सूर त्यांचा हलला. गवई अडला की मागे बघतो. मागे कोण? मी." आणि मग, "सभागृहात सातशे माणसं होती. सातशे माणसं घरी गेली ती हेच घेऊन, की वराडकरची तार उतरली."

मैफलीची एक कॅसेट फिरत होती, पण तिच्यात ती जागा कापून टाकलेली. म्हणजे त्या सातशे माणसांची आठवण सोडून पुरावा कुठेच नव्हता. बुवा गेले, ऐकणारेही बरेच गेले. काका मात्र त्या रेडिओसमोर पंखा बंद करून बसून राहिले. आज ना उद्या कुणाच्या तरी माळ्यावरची मूळ टेप निघेल आणि हे लोक ती पुरी लावतील, म्हणून.

आणि ती निघाली. काकांनी मला घरी बोलावून घेतलं, फोनवर सांगितलंसुद्धा नाही. रेडिओवाल्यांनी जाहीर केलं होतं की बुवांच्या घरातून मूळ टेप मिळाली आहे, एका रविवारी सकाळी अकराला संपूर्ण मैफल, काहीही न कापता, लावणार. एकदाच. घरच्यांची परवानगी तेवढीच होती.

"मनवेल," ते म्हणाले, "त्या दिवशी तुटता कामा नये."

"नाही तुटणार, काका."

"तू इथे येऊन बस. तुटली तर समोर तू हवास."

मी चिडलो, पण गेलो. आदल्या दिवशी अख्खी लाइन पायी फिरून तपासली, खांबन् खांब, झाडन् झाड. बॅटऱ्या बदलल्या. रविवारी पहाटेची पहिली मिस्सा करून नऊलाच काकांकडे हजर झालो. काकींनी दूध शेजारी पोचवलं. पंखा बंद, खिडक्या बंद, मी जमिनीवर, काका खुर्चीत. अकरा वाजले.

आधी नुसता तंबोरा सुरू झाला. मला वाटतं तो पहिला दिवस, जेव्हा मला तो ऐकू आला. सहा वर्षं ज्याच्या नावाने शिव्या खाल्ल्या, तो हा. इतका भरलेला आवाज होता की खोलीत कुणीतरी आणखी येऊन बसल्यासारखं वाटलं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, एकेक तार छेडल्यासारखी.

"मी आहे तो," ते म्हणाले.

मग बुवा गायला लागले. काका मधूनमधून हळूच सांगत होते. "आता दोन आवर्तनं. मग सरगम नाही, आलापच. मग ती जागा. अजून दहा मिनिटं." "अजून पाच," काका म्हणाले.

आणि आवाज बंद झाला.

राउटरवर लाल दिवा. मी काकांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. जिना कसा उतरलो आठवत नाही. स्कूटरला किक मारली, रस्त्याने वर बघत बघत निघालो. पास्कूकाकांच्या घरासमोर आलो तर अंगणात मांडव उभा राहत होता. दोन दिवसांनी त्यांच्या नातीचं लग्न होतं. पास्कूकाका बांबूला मिठी मारून उभे, आणि बांबू आडव्याला करकचून बांधत होते तो माझ्या काळ्या वायरने. वायरचं दुसरं टोक आंब्यावरून लोंबत होतं.

"पास्कूकाका! हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं? दोरी कमी पडली, वायर घेतली."

"अहो ती चालू लाइन आहे!"

"कोनी सांगितलं चालू? तूच बोल्ला होता ना, वर लोंबते ती काली वायर मेलेली हाय, पाहिजे तेवढी कापा. सगल्या गावाला सांगत फिरला होता तू."

तेही खरं होतं. केबल टीव्ही बंद केला तेव्हा जुन्या वायरी काढायचा मला कंटाळा आला. मी गावभर सांगितलं, घ्या कापून, कपडे वाळत घाला, केळीला आधार बांधा. आमच्याकडे अर्ध्या वाड्यांतल्या केळी माझ्या टीव्हीच्या वायरीने उभ्या आहेत. नंतर इंटरनेटची वायर टाकली तीही काळीच, आणि टाकली जुनीच्या शेजारून. ही जिवंत आहे, हिला हात लावू नका, हे सांगायचं राहून गेलं. भांडायला दुसरं कुणी मिळालं असतं तर मी त्या दिवशी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मीच होतो.

सांधायचं मशीन घरून आणलं. वायरच्या आत केसाएवढी काच असते ती, घाईत सांधली जात नाही. तीनदा फुकट गेलं. चौथ्यांदा लागलं तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. पास्कूकाका शेजारी उभे राहून विचारत होते, "एवढं काय अडलं होतं? कोन आजारी हाय का?"

परत वर गेलो तेव्हा खोलीत मैफल पुन्हा भरलेल्या आवाजात चालू होती. दुसराच राग होता. काका खुर्चीत तसेच बसलेले. काकींच्या हातात त्यांचा मोबाइल होता, भजनं ऐकतात तो.

"मी यावर लावलं होतं," काकी मला म्हणाल्या, अपराध्यासारख्या. "अगदीच चुकू नये म्हणून. तो हलका असतो ना, मोबाइलच्या नेटवर लागला."

"मग? ऐकलीत ती जागा?"

काकांनी मान हलवली. "ऐकली. बुवांचा आवाज स्वच्छ आला. 'वराडकर, जोड बघा.' माझं नाव स्वच्छ आलं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मागे काय होतं, ते नाही आलं."

मी त्यांना सांगितलं वायर कुणी कापली आणि का कापली. ते मला मालवणीत शिव्या देतील अशी माझी अपेक्षा होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "आता पंखा लाव, काकी दमली असेल." सहा वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा पंखा फिरताना पाहिला आणि मला रडू आलं.

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. लाइन ठीक असेल म्हणून नाही, ते रेडिओच लावत नव्हते. काकी जिन्यात भेटल्या की मान हलवत. मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मोठ्या रस्त्यावरून त्यांच्या बिल्डिंगीपर्यंत फक्त त्यांच्यासाठी वेगळी वायर टाकली. भुईगावातून नाही, कुणाच्या वाडीतून नाही, आंब्यावरून नाही. आणि ती पिवळी आणली, शोधून. दुसरी म्हणजे रेडिओवाल्यांना पत्र लिहिलं. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून मराठीतच लिहिलं. उत्तर आलं, परवानगी एकदाचीच होती, क्षमस्व. मी परत लिहिलं, या वेळी सगळं लिहिलं, पास्कूकाकांच्या बांबूसकट. उत्तर नाही. तिसरं पत्र जरा रागानेच लिहिलं. त्यालाही उत्तर नाही. महिन्यांमागून महिने गेले. पावसाळा गेला, नाताळ गेला. सेलिन म्हणायची, "तंबोरेवाल्यांचा फोन नाही आला बरेच दिवसांत," आणि मी तिच्यावर उगाच खेकसायचो.

मग एका गुरुवारी दुपारी मी शेजारच्या वटार गावात एका घराच्या छपरावर चढत होतो. फोन वाजला.

"ऐक."

एवढंच. मी शिडीच्या टोकाला तसाच थांबलो. पलीकडे तेच, लांबच्या विहिरीत कुणीतरी गातंय. मग गाणं थांबल्यासारखं झालं, एक जरबेचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, पण मला ते ठाऊक होते. मग गाणं परत सुरू झालं. काका फोनवर आले.

"त्यांनी परत लावलं आज. घरच्यांना तुझी पत्रं दाखवली म्हणे, मग परवानगी मिळाली. सकाळी कळवलं मला."

"काका! मला का नाही सांगितलंत? मी आलो असतो."

"तुला सांगितलं असतं तर धास्तीने काहीतरी तोडलं असतंस."

मला विचारायचा धीर होत नव्हता.

"उतरली होती," ते म्हणाले. "दोनांतली एक. केसभर. पण उतरली होती."

"काका, तुमचा कान आता, म्हणजे वयामुळे—"

"गप रव. माझ्या कानाला काही झालेलं नाही." मग आवाज खाली आला. "सव्वा मिनिट आधीपासून उतरलीय. बुवांनी सव्वा मिनिट सांभाळून घेतलं. मग थांबले. मला चाळीस वर्षं वाटत होतं, ते माझ्यावर ढकलतायत."

खाली घरमालक ओरडून विचारत होता, झालं का. मी हात केला.

"लाइन चांगली आहे हां तुझी," काका म्हणाले. "कुठे तुटली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं आलं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या लाइनीला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पिवळ्या वायरीचा इतका राग आला की जाऊन स्वतःच्या हाताने कापून टाकावी असं वाटलं. कशाला केली मी एवढी खटपट? तुटली असती आणखी एकदा, तर म्हातारा आपलं म्हणणं घेऊन सुखाने गेला असता. काम अर्धवट टाकून मी तडक वसईला निघालो.

दार लोटलेलंच होतं. पंखा बंद. फ्रिज बंद. रेडिओही बंद होता. काका खुर्चीत नव्हते, खाली सतरंजीवर बसले होते. शेजारी खाकी गवसणी घडी घालून ठेवलेली, आणि मांडीवर आडवा तंबोरा. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. भोपळ्याचा रंग काळपट झाला होता, एक तार कधीच तुटून वेटोळं होऊन पडली होती. मधल्या दोन शाबूत होत्या, गंजलेल्या. काकी मागे स्टुलावर बसून वर्तमानपत्राने हळूहळू वारा घालत होत्या आणि त्यांचे डोळे लाल होते.

मी दाराशीच बसलो. म्हटलं, "काका, माझं चुकलं. मी ती पत्रं लिहायला नको होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एक तार छेडली, मग दुसरी. मला, ज्याला दोन रेडिओंतला फरक कळला नव्हता, त्यालासुद्धा कळलं की दोन्ही एक नाहीत. त्यांनी खुंटीवर हात ठेवला. खुंटी घट्ट बसली होती, हलेना. काकींनी वारा घालणं थांबवलं.

"तार तुटेल हो," त्या म्हणाल्या. "जुनी आहे. कशाला आता?"

"बुवांनी सांगितलंय ना, जोड बघा," काका म्हणाले, आणि कान तारेपाशी नेत खुंटी केसभर पिळली. "बघतोय."